जया ढोकच्या एकशे सदतीस फ्रेम

जया ढोक रागावली की शुद्ध बोलायची. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी ती आमच्यासारखीच, "लीनाताई, चहा घेता का, मी करून राह्यली" अशी. पण एखाद्या पालकाने खिडकीशी येऊन उर्मटपणा केला की तिची भाषा एकदम पाठ्यपुस्तकातली व्हायची. "आपण अर्ज पुन्हा भरून आणा. दुसऱ्या पानावर आपली स्वाक्षरी नाही." आवाज चढायचा नाही, उलट एक पट्टी खाली यायचा.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल आहे. जया लिपिक. तिचं टेबल आणि माझं वाचनालय यांच्यामध्ये एक काचेचं दार आहे, त्यामुळे बारा वर्षं आम्ही एकमेकींना दिवसभर बघत आलोय. नोव्हेंबरातल्या त्या सोमवारनंतर ती सगळ्यांशीच शुद्ध बोलू लागली. माझ्याशीही.

त्या सोमवारी सकाळी सव्वाआठला तिचा भाऊ रजत पळसफाट्यावर अपघातात गेला. सव्वीस वर्षांचा होता. सिंदीला एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन. पिपरी मेघेतल्या घरून रोज मोटरसायकलने जायचा. फाट्याला डाव्या हाताचा एक रस्ता येऊन मिळतो. त्या रस्त्याने मुरमाचा टिप्पर आला आणि रजत त्याच्या पुढच्या चाकाशी सापडला. दवाखान्यात न्यायचीसुद्धा वेळ आली नाही.

रजत जयाहून अकरा वर्षांनी लहान होता. तो तिसरीत असताना आई वारली. वडील नत्थूजी जिनिंगमध्ये फिटर, सीझनमध्ये सोळा-सोळा तास बाहेर. म्हणजे रजतला जयानेच वाढवलं. त्याच्या गणवेशाला इस्त्री करून मग ती स्वतःच्या कॉलेजला जायची. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, पोट्टं मार्गी लागू दे. पोट्टं मार्गी लागलं होतं.

बाराव्या दिवशी तिच्या हातात पंचनाम्याची प्रत पडली. दोन पानं मजकूर आणि एक हाताने काढलेला नकाशा. दोन रेघांचा मोठा रस्ता, दोन रेघांचा लहान रस्ता, एक चौकोन म्हणजे टिप्पर, एक फुली म्हणजे रजत. मजकुरात लिहिलं होतं की मोटरसायकलस्वार अंदाजे ऐंशीच्या वेगाने, बेदरकारपणे आला आणि टिप्परवर जाऊन आदळला. शेवटी नातेवाईक म्हणून सही होती. नत्थूजींची.

"बाबा, हे आपण वाचलं होतं?" तिने विचारलं.

नत्थूजी बाजेवर बसले होते. म्हणाले, "चष्मा घरीच रायलता. त्यायनं म्हटलं, इथं सही करा, मंग बॉडी भेटते. मी केली."

त्या दिवसापासून तिने बापाला "अहो-जाहो"च्या पलीकडे एक शब्द दिला नाही. जेवायला वाढायची, औषध हातात द्यायची आणि आतल्या खोलीत निघून जायची.

दुसऱ्या दिवशी ती पळसफाट्यावर गेली. मला सोबत नेलं. फाट्यावर मंदाबाईचा चहाचा ठेला आहे, तीस वर्षांपासून. जयाने ओळख सांगितल्यावर मंदाबाईने स्टोव्ह बंद केला, हात पुसले आणि आम्हाला रस्त्याच्या कोपऱ्यावर नेलं.

"हे पाहा," ती म्हणाली. लोखंडी सांगाडा उभा होता, नुसता. "याच्यावर हे एवढं फ्लेक्स होतं. वाढदिवसाचं. आठ दिवस झालते लावून. तिकडून येनाऱ्याले हिकडचं काईच दिसे नाई. मी त्या पोट्ट्यायले म्हटलंबी होतं, अबे, बाजूले लावा. आयकतेत कोन."

"मग आता कुठे आहे ते?"

"त्याच दिशी दुपारी काढलं. पोलीस याच्या आदी. दोघं जनं गाडी घेऊन आले, गुंडाळलं अन गेले."

जयाने सांगाड्याची रुंदी पावलांनी मोजली. वीस फूट. उंची दहा. खालची कडा गुडघ्याला लागत होती, म्हणजे खालून बघायचीही सोय नाही. ती सांगाड्यामागे जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा सांगाड्यावर नवं फ्लेक्स चढलेलं होतं. कुणाच्या तरी नियुक्तीबद्दल अभिनंदन.

मग अर्ज सुरू झाले. लिहिणं हे तिचं रोजचंच काम, त्यामुळे अर्ज मुद्देसूद, संदर्भ क्रमांकासह, सोबत जोडलेल्या कागदांची यादी शेवटी. ठाण्यातल्या साहेबांनी पहिला अर्ज वाचून बाजूला ठेवला.

"फलक नकाशात नाही, कारण आम्ही गेलो तेव्हा फलक नव्हता."

"आपण किती वाजता गेलात?"

"तीन वाजले असतील."

"आणि अपघात सव्वाआठचा. मधल्या वेळात तिथे काय काय बदललं, हे आपण कुणाला विचारलंत का?"

साहेब बऱ्यापैकी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख कळते मले. पन तुम्ही हे जे लिहिता ना, कोपरा, फलक, दिसत नव्हतं, हे वाचून डोळ्यापुढं येत नाई. नकाशात पाहा, सरळ रस्ता हाय. सरळ रस्त्यावर मानूस आदळते तर स्पीडनंच आदळते."

ऑटोत बसल्यावर जया मला म्हणाली, "डोळ्यापुढे येत नाही म्हणे. ठीक आहे. आणू."

वर्ध्यात एका मोबाइलच्या दुकानावर स्वरदाचा क्लास होता. बाहेर पाटी, मोशन ग्राफिक्स आणि अ‍ॅनिमेशन. आत पाच संगणक आणि एक कुलर. स्वरदा चोवीस-पंचविशीची, पुण्यात शिकून परत आलेली. तिचे विद्यार्थी म्हणजे लग्नाच्या व्हिडिओला नावं फिरवणारी, यूट्यूब चॅनेलचा लोगो उडवणारी मुलं. त्यांच्यात सदतीस वर्षांची जया पर्स मांडीवर घेऊन बसली. तिच्या आग्रहाने मीही पहिल्या दिवशी मागे खुर्ची टाकून बसले.

स्वरदाने समजावलं ते मलाही कळलं. हे सॉफ्टवेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले काचेचे कागद. प्रत्येक कागदाला लेयर म्हणतात. एकावर आकाश, एकावर झाड, एकावर माणूस. वरचा कागद खालच्याला झाकतो. प्रत्येक लेयरपुढे डोळ्याचं एक चित्र असतं. त्या डोळ्यावर क्लिक केलं की तो लेयर दिसेनासा होतो, पुन्हा केलं की येतो. आणि हालचाल करायची तर फक्त दोन ठिकाणं सांगायची. या क्षणी वस्तू इथे, त्या क्षणी तिथे. या खुणांना की-फ्रेम म्हणतात. मधला प्रवास मशीन स्वतः भरतं.

"आता करून पाहू," म्हणत स्वरदाने सरावाची फाइल उघडली. पडद्यावर एक नेता हात जोडून उभा. मागे सोनेरी किरणं, वरून गुलाबाच्या पाकळ्या. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. "यातली पाकळी निवडा. वरून खाली आणा."

जया उठली. पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली. तो चेहरा पळसफाट्यावरच्या फ्लेक्सचा होता. अपघाताच्या दिवसाचा मोबाइलवरचा एक फोटो मंदाबाईच्या मुलीकडे होता, आम्ही तो पाहिला होता, अर्जाला जोडलाही होता.

स्वरदा गोंधळून मागे धावली. मी तिला जिन्यातच सगळं सांगितलं. ती खाली गेली तेव्हा जया ऑटो थांबवत होती.

"ताई, मले माहीत नव्हतं."

"हे आपण तयार केलं?"

"व्हिडिओ मी केला. फ्लेक्स दुसऱ्यानं छापलं. ताई, खोटं कायले बोलू, माह्या क्लासचं भाडं याच कामांतून निघते. लग्न चार महिने असतेत, वाढदिवस बारा महिने." मग म्हणाली, "तुम्हाले जे करायचं हाये, ते मी शिकवते. त्याच फाइलवर नाई. कोऱ्या फाइलवर."

जया तीन दिवस गेली नाही. चौथ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर गेली. मला म्हणाली, "शिकवणारी दुसरी आहे का वर्ध्यात? नाही. मग राग गिळून शिकावं लागेल." पण गिळला तिने कधीच नाही. तो घेऊनच ती बसायची.

पहिला महिना वाईट गेला. तिने रस्त्याचा लेयर चुकून सगळ्यात वर ठेवला आणि झाडं, सांगाडा, टिप्पर सगळंच रस्त्याखाली गडप झालं. दोन तास ती शोधत बसली की काढलेलं गेलं कुठे. टिप्परची चाकं वेगळी काढली होती. गाडी पुढे गेली आणि चाकं जागेवरच फिरत राहिली. मागच्या बाकावरची मुलं हसली. तिने वळून फक्त बघितलं, ती गप्प झाली. स्वरदाने चाकाच्या लेयरला गाडीच्या लेयरशी कसं बांधायचं ते दाखवलं. बाप हलला की पोर त्याच्यासोबत हलते, असं ती मुलांना शिकवायची. जयाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि मग खोडलं. गाडीशी चाक बांधायचे, एवढंच लिहिलं.

हालचाल सुंदर दिसावी म्हणून स्वरदा सवयीने प्रत्येक की-फ्रेमला हळुवारपणा लावायची. वस्तू अलगद निघते, अलगद थांबते. तिने टिप्परला तसं केलं तर जया म्हणाली, "हे काढा."

"ताई, असं एकदम झटक्यात वाईट दिसते."

"ते वाईटच होतं."

मोजमाप आम्ही एका रविवारी केलं. तीस मीटरची टेप, मंदाबाईने एक टोक धरलेलं, मी दुसरं, जया आकडे लिहिते आहे. रस्ता किती रुंद, सांगाडा डांबरापासून किती लांब, कोपरा किती अंशात. पडद्यावरचा एक चौकोन जमिनीवरच्या किती मीटरचा, हे तिने ठरवून घेतलं आणि सगळं त्याच मापात काढलं. आता ते चित्र राहिलं नव्हतं, पळसफाटाच होता, वरून बघितलेला.

अडलं ते वेगावर. ऐंशी खोटं, हे आम्हाला वाटत होतं. पण वाटण्याला कोण विचारतं.

तिच्याकडे एक क्लिप होती. फाट्याच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर मोतीलालचा पेट्रोल पंप आहे. आठव्या दिवशी ती त्याच्याकडे गेली होती आणि कॅमेऱ्यात रजत गेलेला दिसतो का विचारलं होतं. तेव्हा पुराव्याबिराव्याचं डोक्यात नव्हतं. तो जिवंत असलेला शेवटचा तुकडा तिला हवा होता. मोतीलालने पेन ड्राइव्हवर दिला. पाच-सहा सेकंदांचा. निळं जॅकेट, पाठीवर सॅक, डावीकडून उजवीकडे जातो आणि संपतो. तिने तो एकदाच बघितला होता, पुन्हा उघडायची हिंमत झाली नव्हती.

क्लासमध्ये एक दिवस स्वरदा मुलांना सांगत होती की एका सेकंदात पंचवीस चित्रं, म्हणजे फ्रेम, असतात, आणि आपण एकेक चित्र पुढे सरकवून बघू शकतो. जयाने हात वर केला.

"कॅमेऱ्याच्या क्लिपमध्येही असंच मोजता येतं?"

"हाव. मोजायचं काय पन?"

दुसऱ्या दिवशी तिने पेन ड्राइव्ह आणला. क्लिपच्या माहितीतही सेकंदाला पंचवीसच चित्रं होती, ते आधी तपासलं. क्लिपमध्ये रस्त्याकडेला विजेचे दोन खांब दिसत होते. आम्ही जाऊन त्यांच्यातलं अंतर मोजलं, साठ मीटर. रजतचं पुढचं चाक पहिल्या खांबाशी आलं तिथपासून जया एकेक फ्रेम सरकवत गेली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. खोलीतली मुलं बाहेर गेली होती, त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. दुसऱ्या खांबाशी चाक पोचलं तेव्हा ती म्हणाली, "एकशे सदतीस."

पुन्हा मोजलं. एकशे सदतीस. मग स्वरदाने मोजलं. तेवढंच. एकशे सदतीस भागिले पंचवीस, साडेपाच सेकंदांना थोडं कमी. हिशेब मी कागदावर केला. ताशी एकोणचाळीस किलोमीटर आणि थोडं वर.

पंपापासून फाट्यापर्यंत शाळेपुढचे दोन गतिरोधक आहेत. तेवढ्यात कुणाची मोटरसायकल ऐंशीला जात नाही.

जया उभी राहिली, कुलरपाशी गेली, परत आली. "एकोणचाळीस," ती म्हणाली. "अर्ध्याहून कमी. आणि त्यांनी ऐंशी कुठून आणलं? मनात आलं आणि लिहिलं. मेलेला माणूस काय नाही म्हणायला येणार आहे."

इथपर्यंत तिचा सगळ्यात मोठा राग टिप्परवाल्यावर होता. तो जामिनावर सुटला होता आणि पुन्हा गाडी चालवत होता, हे तिला माहीत होतं. एकदा तर ती म्हणाली होती की तो दिसला तर मी काय करीन सांगता येत नाही. स्वरदाने सुचवलं की वरून दाखवतोच आहोत, आता दोघांच्या जागेवरूनही दाखवू. आधी रजतच्या डोळ्याच्या उंचीवरून. मग टिप्परच्या सीटवरून. दुसरं करायला जयाने आठ दिवस लावले. करायचंच नव्हतं तिला.

केलं तेव्हा मी तिथे होते. पडद्यावर टिप्परच्या काचेतून दिसणारा रस्ता. उजवीकडे फलक. तिने त्यावर चेहरा काढला नव्हता, नुसता राखाडी चौकोन ठेवला होता. टिप्पर पुढे येतो, चौकोन मोठा होत जातो, अख्खी उजवी काच व्यापतो. चौकोनाच्या कडेतून मोटरसायकल बाहेर येते आणि संपतं. ती दिसल्यापासून आदळेपर्यंत बत्तीस फ्रेम. सव्वा सेकंद.

जयाने तीन वेळा चालवून बघितलं.

"त्यालाही दिसला नाही," ती म्हणाली. हे म्हणताना तिचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी तिच्या हातातून काही हिसकावून घेतलंय. "सहा महिने मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या, लीनाताई."

घरी ती लॅपटॉपवर काम करायची. कॉलेजने जुना झालेला दिला होता. एका दुपारी नत्थूजी तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर टिप्पर आणि मोटरसायकल एकमेकांकडे येत होते, थांबत होते, मागे जात होते, पुन्हा येत होते. जया आदळण्याची फ्रेम नेमकी करत होती.

"बंद कर ते," नत्थूजी म्हणाले.

"काम चालू आहे, बाबा."

"काम. रोज मारून राह्यली तू त्याले. एकदा मेला तो. तू कितीदा मारशील?"

जया उठली. आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या तोंडून आपली भाषा निघाली.

"मी मारून राह्यली? तुम्ही सही केली, बाबा. ऐंशी लिवलं होतं तिथं. माह्या भावानं सोताच सोताले मारलं, असं लिवलं होतं, अन त्याच्या खाली तुमची सही हाये. चष्मा नव्हता त कोनालेबी म्हनायचं होतं, वाचून दाखवा. काऊन नाई म्हटलं?"

नत्थूजी चपला न घालताच अंगणात जाऊन बसले. हे तिनेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना रडली नाही. म्हणाली, बोलायला नको होतं, पण खोटं एक अक्षर बोलले नाही.

त्यानंतर आठवडाभर तिने फाइल उघडली नाही. उघडली ती एका वेगळ्याच कामासाठी. स्वरदा म्हणाली होती की जिल्ह्याच्या ज्या रस्ता सुरक्षेच्या बैठकीसाठी तुम्ही अर्ज करता, तिथे लोक विचारतील, फलक नसता तर काय झालं असतं? ते पण करून ठेवा. जयाने राखाडी लेयरचा डोळा बंद केला. फलक गेला. आता टिप्परवाल्याला मोटरसायकल सत्तर मीटरवरून दिसते. सहा सेकंद हातात. तिने टिप्परच्या की-फ्रेम मागे सरकवल्या. टिप्पर कोपऱ्यावर येऊन थांबतो. मोटरसायकल त्याच्यापुढून सरळ जाते आणि पडद्याच्या कडेतून बाहेर पडते. बाकी काही होत नाही. रस्ता रिकामा, झाडं उभी.

तिने लॅपटॉप उचलला आणि बाजेवर वडिलांपुढे ठेवला. "हे बघा," म्हणाली.

नत्थूजींनी चष्मा लावला. बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग फलक असलेलं बघितलं, मग नसलेलं. चार-पाच वेळा.

"एवढंच होतं?" ते म्हणाले. "या एका फलकापायी?"

"हो."

ते उठले. शर्ट बदलला. "ठान्यात चाल," म्हणाले.

ठाण्यात मी नव्हते, पण काय झालं ते जयाने शब्दशः सांगितलं. साहेबांपुढे नत्थूजी उभेच राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "त्या दिशी माह्याजोळ चष्मा नव्हता. आज आनला हाये. माह्या सहीच्या वर काय लिवलं होतं ते मले वाचून कोनी नाई दाखवलं. मले नवा जबाब द्यायचा हाये."

साहेब म्हणाले, प्रकरण कोर्टात गेलंय, आता काही होत नाही. नत्थूजी म्हणाले, मग मी इथंच उभा राहतो. ते पावणेदोन तास उभे राहिले. येणारे-जाणारे बघत होते. एका हवालदाराने शेवटी कागद काढला. नत्थूजींनी जबाब सांगितला, वाचायला मागितला, एक ओळ बदलून घेतली आणि मग सही केली. जयाने प्रतीवर जबाब मिळाल्याचा आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

घरी आल्यावर जयाने दोघांचं ताट एकत्र वाढलं.

रस्ता सुरक्षेच्या बैठकीत दहा मिनिटं मिळाली, ती सातव्या अर्जाला. मोठी खोली, लांब टेबल, बिस्किटांच्या बश्या. मी लॅपटॉपची वायर धरून कोपऱ्यात उभी. जयाने आधी वेग दाखवला, दोन खांब, एकशे सदतीस फ्रेम. एक साहेब म्हणाले, पुढे वाढवला असेल. तिने गतिरोधक दाखवले. मग वरून दिसणारा फाटा, मग दोन्ही सीटवरून.

"हे कार्टून आहे," दुसरे कुणी म्हणाले. "याला पुरावा म्हणता येत नाही."

"आपल्या नकाशात रेघा आणि फुली आहे," जया म्हणाली. "त्याला आपण पुरावा म्हणता. माझ्या चित्रात प्रत्येक अंतर टेपने मोजलेलं आहे. टेप सोबत आणली आहे. आपण कधीही पळसफाट्यावर चला."

मग तिने राखाडी लेयरच्या डोळ्यावर क्लिक केलं. फलक गेला. पुन्हा केलं. आला. गेला. आला. खोलीत कुणी बिस्किट उचललं नाही.

टोकाला बसलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "यावर फोटो कोणाचा होता?"

खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. सगळे आपापल्या कागदांकडे बघू लागले.

"फोटो कोणाचाही असो," जया म्हणाली. "वीस फुटांचा होता."

तीन आठवड्यांनी मंदाबाईचा फोन आला की दोन माणसं गॅस कटर घेऊन आली आहेत. आम्ही पोचेपर्यंत सांगाडा आडवा झाला होता, ठिणग्या उडत होत्या. मंदाबाई खूश होती, तिने फुकट चहा दिला. जयाने चहा घेतला पण बसली नाही. "काढलं," ती म्हणाली, "पण चुकलं असं एकानेही म्हटलं नाही. कुणाच्या सांगण्यावरून काढलं, तेही कागदावर नाही. उद्या पुन्हा लावतील आणि म्हणतील, इथे कधी काही नव्हतंच."

पंचनाम्यातलं ऐंशी अजून तिथेच आहे. त्याच्यामागे नत्थूजींच्या नव्या जबाबाचं एक पान लागलंय, एवढंच. तारखा पडतात. वकील म्हणतो, फ्रेम मोजण्याची गोष्ट न्यायाधीशांना ऐकवायला एखादा तज्ज्ञ लागेल. जया म्हणते, मी आहे ना. तो म्हणतो, तुम्ही बहीण आहात. तिने नागपूरला तज्ज्ञ शोधला आहे. त्याला तिने फाइल पाठवली तेव्हा त्याने फोन करून विचारलं, हे कुणी केलं, कुठे शिकलात. तिने स्वरदाच्या क्लासचं नाव सांगितलं.

मागच्या आठवड्यात रस्ता सुरक्षेच्या कार्यालयाचं पत्र आलं. वेगाबाबतच्या आपल्या निवेदनाची पडताळणी करण्यात येत आहे. दोन ओळी, खाली सही. मी म्हटलं, चला, काहीतरी हललं. जयाने पत्र उजेडात धरलं, उलटं-पालटं केलं आणि पर्स उचलली.

"कुठे निघालीस?"

"यावर जावक क्रमांक नाही," ती म्हणाली. "तारीखही नाही. टाकून आणते."